दिसलं नाही, हेही लिहा

(१९८७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजन समितीचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तू फिजिक्स शिकवतेस ना, मग तुझ्या विषयातलं काहीतरी सांग. पण वीसच मिनिटं. आणि गणित नको." जेवणाआधीची वीस मिनिटं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं मी बहुतेक वेळा शेवटचाच तास घेत आले आहे. मसालेभाताचा वास जिन्यावरून वर यायला लागलाय, तेव्हा लांबण लावत नाही.

मला दोन सेकंदांपेक्षाही कमी टिकणाऱ्या एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. पण त्याआधी तुम्हाला एक पहाट आठवायला सांगते.

मार्च १९८६. आपण नववीत होतो. हॅलेचा धूमकेतू आला होता आणि पेपरात रोज त्याच्याबद्दल काही ना काही येत होतं. विज्ञानाच्या सरांनी आपल्याला पहाटे साडेचारला शाळेच्या गच्चीवर बोलावलं. स्वेटर घालून, डोळे चोळत आपण तीसेक जण जमलो होतो. सरांनी आग्नेयेकडे बोट दाखवलं. तिकडे मुलुंडची मिठागरं, पलीकडे खाडी, आणि खाडीवर धुकं. रस्त्यावरच्या दिव्यांचा पिवळा उजेड त्या धुक्यात पसरलेला. आपण तासभर बघत राहिलो. उजाडलं, मुलुंडहून सुटलेल्या लोकलचा भोंगा ऐकू आला आणि आपण घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी निरीक्षण वहीत लिहून आणायला सांगितलं. मी अर्धं पान भरून लिहिलं. खाली चित्र काढलं. क्षितिजावरून वर झेपावणारा धूमकेतू आणि त्याची खाली लोंबणारी लांब शेपटी, दिवाळीतल्या रॉकेटसारखी.

सरांनी वही बघितली आणि हळूच विचारलं, "सूर्य कुठे होता त्या वेळी?" मी म्हटलं, "क्षितिजाखाली, पूर्वेला." "आणि धूमकेतूची शेपटी कुठल्या बाजूला असते?" हे आपल्याला आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं. सूर्याच्या विरुद्ध बाजूला. म्हणजे पहाटेच्या धूमकेतूची शेपटी वर असायला हवी. माझी खाली होती.

सर रागावले नाहीत. त्यांनी वही परत दिली आणि म्हणाले, "चित्र छान आहे. आता तू काय पाहिलंस ते लिही." मी म्हटलं, "सर, काहीच दिसलं नाही." ते म्हणाले, "मग तेच लिही. किती वाजता पाहिलं, कुठे पाहिलं, आकाश कसं होतं, सर्वांत मंद तारा कुठला दिसत होता. आणि शेवटी लिही, धूमकेतू दिसला नाही."

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. ही गोष्ट तुम्हाला आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. पण आज मी ज्या शोधाबद्दल बोलणार आहे, तो बराचसा तुमच्या त्या शेवटच्या वाक्यावर चालतो.

आता त्या दोन सेकंदांकडे येते.

१९६३ साली अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांच्यात अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला. अंतराळात कोणी चोरून चाचणी करत नाही ना, यावर लक्ष ठेवायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांना गॅमा किरणांची एक लखलख दिसली. ती अणुबाँबसारखी नव्हती. पुढे अशा आणखी सापडल्या आणि त्या पृथ्वीकडून किंवा सूर्याकडून नव्हे, तर दूर आकाशातून येत होत्या. १९७३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. चोर पकडायला ठेवलेल्या राखणदाराला आभाळातली वीज दिसावी, तसं झालं.

या गॅमा किरण स्फोटांचे साधारण दोन प्रकार असतात, हे १९९३ पर्यंत स्पष्ट झालं. दोन सेकंदांहून जास्त टिकणारे ते दीर्घ, आणि त्याहून कमी टिकणारे ते लघु. अडचण अशी, की गॅमा किरणांवरून स्फोट कुठे झाला ते नेमकं कळत नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी शिट्टी वाजवली एवढं बाईंना कळायचं, पण कोणी ते कळायचं नाही. तसंच हे. (मागच्या बाकावरची मंडळी आज पुढे बसली आहेत, हेही मी पाहते आहे.)

मग जागा शोधायची कशी? स्फोट झाल्यावर त्यातून सुटलेला झोत आजूबाजूच्या विरळ वायूवर आदळतो आणि तो वायू क्ष-किरणांत, साध्या प्रकाशात, रेडिओ लहरींत चमकू लागतो. याला आफ्टरग्लो म्हणतात. आपण त्याला 'मागचा उजेड' म्हणूया. सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला थोडा वेळ उजेड रेंगाळतो, पण हा त्याहून फार वेगळा. तो तासातासाला मंदावत जातो. तो साध्या दुर्बिणीने पकडला, तर नेमकी जागा कळते, कुठल्या दीर्घिकेत आहे ते कळतं आणि अंतरही काढता येतं.

असा पहिला उजेड २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर सापडला. त्याच वर्षी ८ मे रोजी झालेल्या आणखी एका स्फोटाच्या उजेडाचा वर्णपट हवाईतल्या केक दुर्बिणीने घेतला गेला आणि स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षांवर झाल्याचं सिद्ध झालं. ज्या कॅलटेक संस्थेच्या गटाने हे केलं, त्यात श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

पण हे दोन्ही स्फोट दीर्घ होते. लघु स्फोटांचा उजेड काही सापडेना. तो मुळातच फार मंद असतो. पहिल्या काही तासांतच तो डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधूक ताऱ्याच्या लाखो पटींनी मंद झालेला असतो.

नोव्हेंबर २००४ मध्ये स्विफ्ट नावाचा उपग्रह गेला. स्फोट दिसताच तो स्वतःहून तिकडे तोंड वळवतो. ९ मे २००५ रोजी एक लघु स्फोट झाला. सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी टिकलेला. स्विफ्ट मिनिटभरात वळला आणि त्याच्या क्ष-किरण दुर्बिणीत कण आले, किती? अकरा. बोटांवर मोजताना एकच बोट कमी पडावं इतके. तेवढ्यावरून जागा मिळाली. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि साध्या प्रकाशात कोणालाही काहीही दिसलं नाही.

इथे मला जरा थांबायचं आहे. 'काहीही दिसलं नाही' म्हणजे ती रात्र वाया गेली का? नाही. त्या जागेजवळ म्हाताऱ्या ताऱ्यांनी भरलेली एक मोठी दीर्घिका होती. दीर्घ स्फोट हे अवाढव्य तारा कोसळल्यामुळे होतात आणि त्यानंतर काही दिवसांनी सुपरनोव्हा उजळतो, हे तोवर कळलेलं होतं. इथेही तसंच झालं असतं आणि स्फोट त्याच दीर्घिकेतला असता, तर सुपरनोव्हा दिसायलाच हवा होता, इतक्या मंद उजेडापर्यंत दुर्बिणींनी पाहिलं होतं. तो नव्हता. म्हणजे लघु स्फोटाचं कारण काहीतरी वेगळं असणार, या मताला त्या न दिसण्यानेच बळ मिळालं. फक्त एक अट होती. किती खोलवर पाहिलं, हे लिहून ठेवलेलं असायला हवं होतं. सर, तुमच्या भाषेत, 'सर्वांत मंद तारा कुठला दिसत होता.'

दोनच महिन्यांनी, ९ जुलै २००५ च्या लघु स्फोटानंतर, चिलीतल्या ला सिया इथल्या दीड मीटरच्या डॅनिश दुर्बिणीला पहिला उजेड सापडला.

मग हे वेगळं कारण कुठलं? बऱ्याच जणांचा अंदाज होता तो असा. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात आणि धडकतात. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान, पण आकार किती? मुलुंड ते दादर सरळ रेषा मारली तर तेवढा त्याचा व्यास. अशा दोघांची धडक. त्यातून गुरुत्वीय लहरी निघाल्या पाहिजेत, लघु स्फोट झाला पाहिजे आणि मागे उजेड उरला पाहिजे. हे तिन्ही एकाच घटनेत पकडायचं होतं.

आता ही गोष्ट आपल्या मुंबईत येते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने ॲस्ट्रोसॅट सोडला. त्यावरचं एक उपकरण आहे सीझेडटीआय. ते उभारण्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा पुढाकार होता. पुण्याच्या आयुकासह देशातल्या इतर संस्थाही सोबत होत्या. मुळात ते समोरच्या एखाद्या स्रोताकडे रोखून पाहायला केलेलं. पण जास्त ऊर्जेचे किरण त्याच्या बाजूच्या भिंतींमधूनही आत शिरतात, त्यामुळे आकाशाच्या फार मोठ्या भागावर त्याचं लक्ष राहतं. शेकडो गॅमा किरण स्फोट त्याने टिपले आहेत.

४ जानेवारी २०१७ रोजी लायगोला गुरुत्वीय लहरी मिळाल्या. दोन कृष्णविवरांची धडक होती ती. कृष्णविवरांतून उजेड येईल अशी अपेक्षा नसते, तरी दुर्बिणी शोध घेतातच. आणि हवाईतल्या ॲटलास या दुर्बिणीला त्याच भागात झपाट्याने मंदावणारा एक नवा उजेड सापडला. विचार करा, केवढी खळबळ! कृष्णविवरांच्या धडकेतून उजेड आला, असं खरंच ठरलं असतं तर पुस्तकं बदलावी लागली असती.

सीझेडटीआयच्या चमूने दोन गोष्टी तपासल्या. धडकेच्या क्षणी शोधक्षेत्राचा सुमारे अर्धा भाग उपकरणाच्या नजरेत होता. तिथे काही दिसलं का? नाही. मग त्यानंतरची नोंद चाळली, तर दुसऱ्या दिवशी, ५ जानेवारीला, एक वेगळाच गॅमा किरण स्फोट झालेला आढळला. हवाईत दिसलेला उजेड त्या स्फोटाचा होता, आणि तोही लघु नव्हे, दीर्घ स्फोट. कृष्णविवरांशी त्याचा काही संबंध नव्हता. दोन्ही घटना आकाशाच्या एकाच भागात दिसल्या, हा निव्वळ योगायोग होता. वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निबंध लिहून मांडलं. ते आज आयआयटी मुंबईत शिकवतात. मुलुंडहून पाऊण तासावर, पवईला.

कोणाला तरी सापडलेलं सोनं पितळ आहे, हे सांगायला फार जण पुढे येत नाहीत. पण तसं कोणी सांगितलं नसतं, तर एक चुकीचं चित्र छापलं गेलं असतं, शेपटी खाली लोंबणारं.

मग आला १७ ऑगस्ट २०१७. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. आपल्यापैकी बरेच जण लोकलमध्ये लटकलेले असणार. त्या क्षणी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोचल्या. पावणेदोन सेकंदांनी फर्मी उपग्रहाला लघु गॅमा किरण स्फोट दिसला. आणि आपला ॲस्ट्रोसॅट? नेमक्या त्या क्षणी त्याच्या आणि त्या जागेच्या मध्ये पृथ्वी होती.

एवढंच नाही. नेमका नकाशा तयार होऊन खगोलशास्त्रज्ञांच्या हाती पडला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. ती जागा आपल्या क्षितिजाखाली केव्हाच गेली होती. ऑगस्टचे ढग होते ते वेगळेच. चिलीत रात्र झाली तेव्हा एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीला, धडकेनंतर अकराएक तासांनी, १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. पहिल्या दोन दिवसांत निळसर, मग लालसर होत विझत गेलेला. याला किलोनोव्हा म्हणतात. धडकेत बाहेर फेकलेल्या द्रव्यात नवी जड मूलद्रव्यं तयार होतात, त्यांचा हा उजेड. सोनं, प्लॅटिनम अशा धडकांमध्ये घडतं, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला. समोरच्या मैत्रिणींनी आज मिरवण्यासाठी जे काही घातलं आहे, त्यातलं सोनं सोनाराच्या कितीतरी आधी कुठे घडलं असेल, याचा अंदाज त्यावरून करा.

पुढे त्या धडकेच्या झोताचा रेडिओ लहरींमधला उजेड मोजण्यात नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीणही होती. म्हणजे आपण त्या घटनेला अगदीच मुकलो नाही. पण पहिल्या तासांचा उजेड आपल्या हातून गेला. अशा वेळी जगाच्या प्रत्येक बाजूला कोणीतरी जागं असायला हवं, हे त्या दिवशी पुन्हा दिसलं.

तेच साधण्यासाठी ग्रोथ नावाचं दुर्बिणींचं जाळं उभं राहिलं. त्याचं नेतृत्व कॅलटेकच्या मानसी कासलीवाल यांच्याकडे. आपल्या शाळेच्या रिले शर्यतीसारखं आहे हे. कॅलिफोर्नियात उजाडलं की तिथली दुर्बीण बॅटन पुढे देते आणि काही तासांनी ती आपल्याकडे येते. आपल्याकडचा धावपटू लडाखमध्ये हानलेला आहे. सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, सत्तर सेंटिमीटर आरशाची ग्रोथ-इंडिया दुर्बीण. बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई या दोघांनी मिळून उभारलेली. जून २०१८ मध्ये तिने पहिल्यांदा आकाश पाहिलं. ती यंत्रमानवासारखी आपली आपण चालते. तिच्या कामावर लक्ष ठेवणारी आणि प्रतिमा तपासणारी बरीच मुलं पवईतली विद्यार्थी आहेत. आपण आयआयटीवरून जाताना रस्त्यातल्या ट्रॅफिकला शिव्या देतो, तेव्हा आत कोणीतरी हानलेच्या रात्रीचं चित्र पाहत असतं.

आता काम किती कठीण आहे ते पाहा. फर्मी उपग्रहाला वर्षाला साधारण चाळीस लघु स्फोट सापडतात. पण तो जागा सांगतो ती शेकडो चौरस अंशांची. पूर्ण चंद्र आकाशात चौरस अंशाच्या पाचव्या भागाएवढा असतो. म्हणजे पाचशे चौरस अंशांत अडीच हजार चंद्र मावतील, आणि त्यात एक मंद ठिपका शोधायचा, तोही विझायच्या आत.

यासाठी कॅलिफोर्नियातल्या पालोमारला झ्विकी सर्वेक्षणाचा कॅमेरा वापरतात. या सर्वेक्षणाचे प्रमुख होते तेच कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी. तो कॅमेरा एका वेळी ४७ चौरस अंश टिपतो. त्याने रुंद जाळं टाकायचं, जुन्या चित्राशी नवं चित्र ताडून संशयित ठिपके काढायचे आणि जाळ्यातल्या छोट्या दुर्बिणींनी एकेकाला तपासायचं. हा लघुग्रह, तो आपल्याच आकाशगंगेतला भडकणारा तारा, हा भलत्याच दीर्घिकेतला सुपरनोव्हा. एकेक खोडत जायचं.

२०१८ आणि २०२०-२१ या काळात त्यांनी फर्मीच्या दहा लघु स्फोटांचा असा पाठलाग केला. जगभरच्या दहाहून अधिक दुर्बिणी कामाला लागल्या. दहांपैकी किती उजेड सापडले?

एकही नाही.

आणि हा शून्य त्यांनी रीतसर निबंध लिहून प्रसिद्ध केला. २०१७ सारखी धडक सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांच्या आत झाली असती, तर ती आमच्या हातून सुटली नसती, असं त्यात मांडलं. म्हणजे शून्य नुसता शून्य राहिला नाही, त्याला अंतर मिळालं.

याच मोहिमेच्या काळात, २६ ऑगस्ट २०२० रोजी, एका लघु स्फोटाचा उजेड सापडला. स्फोट जेमतेम सेकंदभराचा. सगळ्यांना वाटलं, हा धडकेचा असणार. पण मोठ्या दुर्बिणीने आठवड्यांनंतर पुन्हा पाहिलं, तेव्हा तिथे सुपरनोव्हा उजळत होता. तो कोसळणाऱ्या ताऱ्याचाच स्फोट निघाला, फक्त नेहमीपेक्षा फार छोटा. याच्या उलट, ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट चांगला पन्नासेक सेकंद चालला, आणि त्याच्या मागे किलोनोव्हाचा उजेड निघाला. त्याच्या निरीक्षणांत नैनितालजवळच्या देवस्थळची आपली ३.६ मीटरची दुर्बीणही होती. म्हणजे दोन सेकंदांची ती सोयीची रेघ काही खरी सरहद्द नाही. घड्याळ बघून कोण लघु, कोण दीर्घ ठरवता येत नाही. मागचा उजेड पाहावाच लागतो.

ही मंडळी रोजच्या रोज एकमेकांना छोटी पत्रकं पाठवतात. त्यातली कितीतरी एकाच धर्तीची असतात. अमुक वाजता पाहिलं, अमुक भाग पाहिला, अमुक तेजापर्यंत पाहिलं, नवा स्रोत दिसला नाही. मी पहिल्यांदा असं पत्रक वाचलं, तेव्हा मला गच्ची आठवली, धुकं आठवलं आणि माझी वही आठवली. माणसं ही 'दिसलं नाही'ची पत्रकं एवढ्या मनापासून लिहितात, कारण ती वाचून दुसरा कोणी ती जागा सोडून पुढच्या जागेकडे वळतो.

आता एक कबुली देते आणि संपवते.

सरांच्या हाताखाली शिकून मी स्वतः शिक्षिका झाले. नोकरीची पहिली काही वर्षं झाली होती. बारावीची प्रॅक्टिकलं चालू होती. एका मुलाचं दोलकावरून काढलेलं g चं मूल्य ८.९ आलं. हवं असतं ९.८. वेळ संपत आला होता, बाहेर पुढची बॅच उभी होती. मी त्याला म्हटलं, "जरा जमवून घे." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, मग प्रयोग कशाला केला?"

मी उत्तर दिलं नाही. त्याने खोडून आकडे जमवले. मी सही केली.

रात्री घरी मी गणित मांडून पाहिलं. घड्याळ सुरू करून त्याने पहिल्या झोक्याच्या शेवटी 'शून्य' म्हटलं असणार आणि तिथून वीस मोजले असणार. म्हणजे एकवीस झोक्यांचा वेळ वीस म्हणून लिहिला गेला. तसं केलं की ९.८ चं बरोबर ८.९ होतं. त्या मुलाचं उत्तर चूक होतं, पण त्याची चूक कुठे आहे ते त्याच आकड्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते पुसायला लावलं. सर, तुम्ही माझ्या खोट्या चित्राशेजारी खरं लिहून घेतलंत. मी एका मुलाचं खरं पुसून त्यावर खोटं लिहून घेतलं.

त्यानंतर माझ्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. जे आलं ते लिहायचं, खोडायचं नाही, आणि का आलं असेल ते खाली लिहायचं. बरोबर उत्तराला जेवढे गुण, तेवढेच चुकीच्या उत्तराच्या खऱ्या कारणाला. पण त्या मुलाला हे सांगायचं राहिलं. तो परत भेटला नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभं राहणार आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. ते चालू झालं की गुरुत्वीय लहरी कुठून आल्या ते आजच्यापेक्षा नेमकं कळेल आणि दुर्बिणींना शोधायची जागा लहान होईल. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने दक्ष नावाच्या दोन उपग्रहांचा प्रस्तावही आहे. पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन. एकाच्या आड पृथ्वी आली, तरी दुसऱ्याला दिसेल. २०१७ च्या त्या संध्याकाळचा धडा असाही गिरवता येतो.

जाता जाता स्मरणिकेच्या संपादकांना एक विनंती. आपल्या तुकडीत ६४ नावं होती. समितीने वर्षभर खपून ५५ जणांना शोधून काढलं. त्यासाठी त्यांनी काय नाही केलं! कोणी ठाण्यात असल्याचं ऐकलं म्हणून तिथल्या सोसायट्या पालथ्या घातल्या, कोणाच्या धाकट्या भावाच्या दुकानात जाऊन बसले. उरलेली नऊ नावं यादीतून गाळायची, कारण त्यांचे फोन नंबर नाहीत, असं मला कळलं. कृपा करून गाळू नका. ती नऊ नावं छापा, आणि प्रत्येक नावापुढे लिहा, कुठे शोधलं, कोणाला विचारलं, शेवटचं कोणी आणि केव्हा पाहिलं. शेवटी लिहा, अजून सापडले नाहीत. हा अंक कोणाच्या तरी हातात पडेल आणि तो म्हणेल, अरे, इथे तर पाहून झालंय, मग मी तिकडे विचारतो.

सर, चाळीस वर्षं झाली तरी मला तो धूमकेतू दिसलेला नाही. आता तो २०६१ मध्ये परत येईल, तेव्हा मी नसेन. पण वही मी जपून ठेवली आहे, दोन्ही पानांसकट. आज सोबत आणली आहे. जेवण झालं की दाखवते. मी सही घ्यायची विसरले होते.